नागपुरात गाडी पोसायला काय लागतं? आपले अनुभव सांगा

गाडी घेताना सगळे ऑन-रोड किंमत आणि मायलेज विचारतात. पुढे तिला पोसायला काय लागतं, ते कोणी बोलत नाही. मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पुढे जातो. पुण्या-मुंबईचे हिशेब इथे चालत नाहीत. गाडी एमएच ३१ नंबरची असो, ४९ ची की ४० ची, आपल्या भागाचं नाव टाकून लिहा.

सुरुवात मी करतो. बॅटरी थंडीत मरते असं लोक समजतात. खरं तर तिला आतून खाते ती उन्हाळ्याची उष्णता. डिसेंबरच्या सकाळी ते फक्त उघडकीला येतं. म्हणून मी उन्हाळा संपला की ती तपासून घेतो.

धरमपेठ
माझा आग्रह टायरचा. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून आमचं माहेरी जाणं त्याच महामार्गाने. १२० ची मर्यादा, सरळ सिमेंटचा रस्ता, वरून ऊन. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि फुटते. नक्षी शाबूत दिसली म्हणून टायर चांगला असतो असं नाही, रबर वयानेही कडक होतं. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवीन टायर घेताना दुकानदाराला हे आकडे दाखवायला लावा. हवा सकाळी टायर थंड असतानाच भरा. पोरंबाळं मागे बसलेली असतात हो, इथे पैसे वाचवू नका.

मानेवाडा
मी टुरिस्ट गाडी चालवतो भाऊ, तं गॅसचं माह्याकडून ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या नागपुरात सीएनजी १२० रुपये किलो झाला होता. पाइपलाइन नव्हती, गॅस टँकरनं यायचा. लोकं म्हणत, सीएनजी घ्या, स्वस्त पडते. अरे, गाव पाहून सांगा ना! अन् डिक्की टाकीनंच भरते, सवारीच्या बॅगा ठेवाव्या कुठं?

महाल
आमच्या गल्लीत सावली नाही. कव्हर, काचेला पडदा, बस.

वर्धा रोड
ऑफिस बर्डीला असल्याने मी मेट्रोने जाते, गाडी रविवारची. तरी विमा भरावाच लागतो. १००० ते १५०० सीसीच्या कारला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या विम्याचा, दर २०२२ मध्ये ३,४१६ रुपये ठरला, गाडी चालो की उभी राहो. बारीकसारीक ओरखड्यांसाठी मी क्लेम करत नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. ताई-दादांनो, जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून या सवलतीचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला ती लावता येते.