मदत हवी आहे: इंग्रजीतल्या 'सेट'चे अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

नमस्कार मंडळी, इंग्रजी शिकतेय आणि 'सेट' या एका शब्दावर फार अडतेय. अलार्म सेट करतात, सिमेंट सेट होतं, सूर्य 'सेट' होतो म्हणजे मावळतो, टेनिसमध्ये सेट जिंकतात, गणितातला संच पण सेटच. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती म्हणे, मग आपण सगळं पाठ तरी कसं करणार?

क्रियापदाचं मूळ 'बसवणे' असं आहे, त्यामुळे अलार्म, सिमेंट वगैरे पटकन समजतं. संच या अर्थाचा सेट जुन्या फ्रेंचमधून वेगळाच आलाय हे वाचल्यावर तर खूप बरं वाटलं, उगाच दोन्हींची सांगड घालत बसले होते.

खरी अडचण पुढे शब्द जोडला की होते. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणं, पण अलार्म 'सेट ऑफ' झाला तर तो वाजायला लागतो, आणि 'सेट अबाउट' म्हणजे कामाला लागणं. शिवाय भूतकाळातही रूप सेटच, काळ ओळखायचा कसा?

तुम्ही हे कसं शिकलात? वाक्यं पाठ करावीत की ऑफ, अबाउट यांचे अर्थ आधी समजून घ्यावेत? शिकवणाऱ्यांनी प्लीज सविस्तर सांगा.