जुनी, स्वस्त बेस गिटार घ्यावी की नाही : एका सल्ल्याला उत्तर

खर्जवेडा

बेस नव्याने शिकू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेला एक सल्ला परवा वाचनात आला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही. सल्ला असा : 'वापरलेली स्वस्त बेस म्हणजे दुसऱ्याच्या घरातली अडगळ. ती घेऊ नका, आणि घेतलीच तर स्क्रूड्रायव्हर लावू नका, ते कारागिराचे काम आहे.' पहिले वाक्य मला पटले नाही. दुसऱ्या वाक्याने मात्र खरोखर संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा तिची नेक (तारा दाबण्याची लांब दांडी) बॉडीला चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी आवळलेली होती. खराब झालेला भाग सोडवून दुसरा बसवता यावा, हा विचार या वाद्याच्या मुळाशीच आहे. मग ज्याचे वाद्य आहे त्यानेच ते उघडण्यात पाप कोणते?

माझी पहिली बेस तिसऱ्या हाताची होती. तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या उंच, की पहिल्या आठवड्यात बोटांची सालटी निघाली, आणि आवाजाचे बटन फिरवले की स्पीकरमधून तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचराट येई. घाबरत घाबरत झाकण उघडले, तर आत दोन पॉट (बटनाखालचे, आवाज कमी-जास्त करणारे भाग), एक कपॅसिटर, एक जॅक आणि मोजून सहा-सात वायरी निघाल्या. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पॉटच्या फटीत मारला, बटन वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले आणि चरचराट गेला. तारांची उंचीही तशीच सुटली. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) एकाच वेळी दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते पाहायचे. ती साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी असावी. माझ्या बेसवर तिच्यात चार कार्डे मावत होती. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा आवळला, एक रात्र थांबलो, पुन्हा मोजले, पुन्हा पाव फेरा. चौथ्या दिवशी ती गिटार वाजवण्याजोगी झाली, आणि त्या चार दिवसांत मला जे कळले ते कोणत्याही कोऱ्या वाद्याने शिकवले नसते.

आठवी मात्रा

तो सल्ला मी लिहिलेला नाही, पण त्याच्या बाजूने बोलणे मला भाग आहे, कारण मी बरीच वर्षे बेस शिकवतो आणि आपल्या गोष्टीची दुसरी बाजू माझ्यासमोर खुर्चीत बसलेली असते.

माझ्याकडे एक मुलगा येत असे. हाताला चांगला, लयीला त्याहून चांगला. त्याने हौसेने एक जुनी बेस घेतली. तिची नेक पीळ पडलेली होती, म्हणजे सर्वांत जाड 'ई' तारेची बाजू एका दिशेला आणि सर्वांत बारीक 'जी' तारेची बाजू दुसऱ्या दिशेला झुकलेली. ट्रस रॉड नेकचा लांबीतला बाक कमी-जास्त करतो. पीळ काढणे त्याच्या आवाक्यातले नाही. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. तो दर आठवड्याला रॉड थोडा आवळून येई, आणि शेवटी रॉडच्या नटाचे षट्कोनी भोक झिजून गोल झाले, तेव्हा पाना लागेनासा झाला. तीन महिन्यांत त्याने स्क्रूची नावे पाठ केली, पण एक स्वरसप्तक त्याच्या हातून सलग वाजले नाही. पुढे तो यायचाच थांबला.

आपल्याला चार दिवसांत यश आले, कारण आपल्या वाद्यातले दुखणे साधे होते. नवशिक्याला साधे दुखणे कोणते आणि असाध्य कोणते हे कसे ओळखता येणार? शिवाय या डागडुजी केलेल्या वाद्यांचा स्पीकरमधून येणारा गुणगुणाट मला दर वर्गात ऐकावा लागतो. एकाचा आवाज बंद करावा तर दुसऱ्याचा सुरू होतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की बेसचा आवाज असाच असतो.

जुनी तार

गुणगुणाटापेक्षा मोठ्या अपराधाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. या 'सुधारणा' करणाऱ्यांनी मूळ सुटे भाग फेकून दिलेले असतात. मी घेतलेली एक बेस छायाचित्रांत निष्कलंक दिसत होती. घरी आणून पिकगार्ड काढले, तर खाली दुसऱ्या पिकअपसाठी (तारेचे कंपन टिपणारा भाग) वेडावाकडा खड्डा कोरलेला होता आणि तो कोणीतरी पुठ्ठ्याने झाकला होता. मूळ ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) गेलेला, मूळ खुंट्या गेलेल्या. विकणाऱ्याला विचारले तर म्हणाला, 'आधीपेक्षा चांगलेच बसवले आहे की.' त्याचे बसवणे चांगले असेलही, पण मला ते वाद्य परत मूळ रूपात आणायचे असेल तर मी कोणाकडे जावे?

आणि फ्रेट उपटणाऱ्यांची तर मला चीडच येते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांची फ्रेट काढून इपॉक्सीचा थर दिलेली १९६२ची जॅझ बेस सर्वांना ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक जण पक्कड घेऊन बसतो. फ्रेट सोल्डरिंग आयर्नने तापवून हळूहळू उचलायचा असतो. तो ओरबाडून काढला की लाकडाचे टवके निघतात, आणि ते पुन्हा बसत नाहीत.

रंधा

मी लाकडात काम करतो, म्हणून टवक्यांची व्यथा मला अधिक कळते. परंतु चर्चा सगळी पॉट आणि वायरींभोवती फिरते आहे आणि खरा प्रश्न बाजूला राहतो आहे. स्वस्त बेसची बॉडी पुष्कळदा प्लायवूडची किंवा चार-पाच तुकडे जोडलेली असते. तिला कोणताही पिकअप लावा, स्वर लवकर विझतो. बॉडी अॅशची किंवा आल्डरची असावी, एकसंध असावी, नाहीतर उरलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

सहा वायरी

रंधा, हे मत मी अनेक वर्षे ऐकतो आहे आणि प्रत्येक वेळी ते तितकेच निराधार वाटते. पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती तारेची वेटोळी. त्याला पोलादी तारेची हालचाल कळते, लाकडाची जात कळत नाही. १९६९ साली डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेग कंपनीसाठी पारदर्शक अॅक्रिलिकच्या बॉडीची बेस केली. १९८०च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर यांची कार्बन फायबरची बिनडोक्याची, म्हणजे नेकच्या टोकाला खुंट्यांची फळी नसलेली, बेस आली. दोन्ही उत्तम वाजतात आणि दोन्हींच्या बॉडीत लाकूड नाही. प्लायवूडच्या भीतीने कोणी चांगली जुनी बेस नाकारत असेल, तर तो आपले नुकसान करून घेतो आहे.

आठवी मात्रा यांच्या गुणगुणाटाविषयीही सांगतो, कारण तो प्रश्न सुटण्याजोगा आहे. प्रिसिजनवर १९५७पासून दोन भागांचा पिकअप आहे. त्याचे दोन्ही भाग एकमेकांचा गुणगुणाट रद्द करतात. जॅझ बेसवर दोन स्वतंत्र पिकअप असतात आणि दोघांचा आवाज सारखा ठेवला तरच हा गुण मिळतो. एकाचे बटन खाली आणले की गुणगुण परतते. तेव्हा विद्यार्थ्याला आधी दोन्ही बटने पूर्ण उघडायला सांगा. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल, तर अर्थिंग शाबूत आहे आणि आतल्या खड्ड्याला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की काम भागते. हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालची वायर सुटली आहे. तिला एक डाख द्यायचा, बस.

रंधा

आपण वेटोळ्यांबद्दल जे सांगितले ते खरे आहे. पण तार हवेत लटकत नाही. तिचे एक टोक ब्रिजवर, दुसरे नटवर (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) टेकते, आणि ही दोन्ही टोके लाकडात रोवलेली असतात. टोक हलले की तारेची ऊर्जा त्यात जाते आणि तिची कंपने बदलतात. हे अनुभवायचे असेल, तर फेंडर धाटणीच्या कोणत्याही बेसच्या 'जी' तारेवर चौथ्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर धरून ठेवा. त्यांतला एखादा स्वर शेजाऱ्यांच्या आधीच मरतो. पिकअप तोच, तार तीच, मग तो स्वर कोण खातो? आपण कधी लाकडाचा तुकडा हातात धरून त्याला टिचकी मारून पाहिले आहे का? नसेल, तर 'निराधार' हा शब्द इतक्या सहज वापरू नये.

सहा वायरी

टिचकीने वाजणारे लाकूड आणि तारेचा स्वर यांचा आपण जोडलेला संबंध मला मान्य नाही, आणि माझ्या हातात काय होते व काय नव्हते हे ठरवण्याचा अधिकार मी आपल्याला दिलेला नाही. मृत स्वराबद्दल मात्र आपले म्हणणे बरोबर आहे, हे मला कबूल करावे लागते. तो नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे मरतो. नेक लांब, सडपातळ, आणि तिच्या टोकाला खुंट्यांचे वजन. तिची नैसर्गिक कंपने ज्या स्वराशी जुळतात तो स्वर ती शोषून घेते. परंतु हा नेकचा दोष आहे. बॉडी अॅशची की प्लायवूडची, याने तो हटत नाही.

रंधा

म्हणजे नेकचे लाकूड महत्त्वाचे आणि बॉडीचे नाही? नेक कशाला आवळलेली असते?

आठवी मात्रा

आपले दोघांचे चालू द्या, पण ज्या मुलाची गोष्ट मी सांगितली त्याला अॅश आणि आल्डर यांतला फरक कळला असता तरी त्याची नेक सरळ झाली नसती. मूळ प्रश्न नवशिक्याचा होता, त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

खर्जवेडा

उत्तर देतो, आणि आधी एक चूक मान्य करतो. पीळ पडलेली नेक मी गृहीतच धरली नव्हती, कारण माझ्या वाट्याला ती कधी आली नाही. आपल्या विद्यार्थ्याला जे भोगावे लागले ते मी लिहिलेल्या शब्दांच्या जोरावर आणखी कोणी भोगू नये. म्हणून घेण्यापूर्वीच पाहावे. बेस आडवी धरून खुंट्यांच्या बाजूने, एक डोळा मिटून, दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर हरकत नाही. एक वर आणि दुसरी खाली जात असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी ठेवून द्यावी. ट्रस रॉडचा नट थोडा सैल करून पाहण्याची परवानगी मागावी, आणि विकणारा नको म्हणाला तर का, ते विचारावे. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवावा. सर्व तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण वर्षानुवर्षे सोसलेली नेक जर सरळ असेल, तर ती कोऱ्या नेकपेक्षा भरवशाची, असे माझे मत आहे आणि ते मी सोडत नाही.

बाकी जे बिघडलेले असते ते बहुतेक दुरुस्त होते. बाराव्या फ्रेटवरचा स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा स्वर) चढा लागत असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे घ्यायचे, उतरा असेल तर पुढे. पट्ट्याच्या बटनाचे भोक सैल झाले असेल तर आगकाडीची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत दाबायची, वाळू द्यायची, मग स्क्रू पिळायचा. यात कारागिराचा अपमान कुठे आहे?

जुनी तार

माझा मुद्दा राहूनच गेला. काढलेला प्रत्येक भाग एका डब्यात ठेवा, डब्यावर तारीख घाला, आणि विकताना डबा सोबत द्या. एवढे जो करील त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर देण्याला माझी हरकत नाही.

आठवी मात्रा

खर्जवेडा यांची तपासणी मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन. तरीही एका गोष्टीवर मी हटणार नाही : नवशिक्याने नटच्या खाचांना कानस लावू नये. सॅडल पुढेमागे करता येते, पॉट बदलता येतो, पण खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि मग नवा नट बसवण्याखेरीज इलाज उरत नाही. त्या कामासाठी कारागीरच हवा. गुणगुणाटाचा उपाय मी काल करून पाहिला. एका मुलीची दोन्ही बटने पूर्ण उघडली, आणि वर्ग शांत झाला. हे मी आधीच करायला हवे होते.

रंधा

नटबद्दल सहमत. खाच तपासायची असेल तर तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर फट पाहावी. कागद जेमतेम सरकला पाहिजे. तारेखाली काहीच फट नसेल, तर कानस आधीच जास्त चालली आहे.

सहा वायरी, आपल्यासाठी एक प्रयोग. सुतारकामातला छोटा क्लॅम्प, मध्ये कापडाची घडी घालून, खुंट्यांच्या बाजूला डोक्यावर आवळा आणि 'जी' तार पुन्हा ऐका.

सहा वायरी

केला. माझ्या बेसवर पाचव्या फ्रेटचा सी मरत असे. क्लॅम्प लावल्यावर सी खणखणीत टिकला आणि चौथ्या फ्रेटचा बी मरू लागला. वजन वाढले, नेकची कंपने मंदावली, म्हणून स्वर खाली सरकला, असे मी त्याचे कारण लावतो. क्लॅम्प तसाच ठेवला आहे, कारण मला सी जास्त लागतो. बॉडीबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

रंधा

तीच नेक प्लायवूडच्या बॉडीवरून काढून आल्डरच्या बॉडीवर बसवा, मग बोलू. माझ्याकडे एक रिकामी आल्डरची बॉडी आहे. पाठवतो. स्क्रूंची भोके जुळली पाहिजेत, तेवढे आधी मोजून कळवा.