सॉल्ट लेकला सामना पाहून आलो, पण समाधान झाले की नाही ते अजून ठरत नाही

बांधीतला गोलकीपर (आमगाव तालुका, जि. गोंदिया)

मंडळी, नमस्कार. ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत आणि कुवेत यांच्यात फुटबॉलच्या विश्वचषक पात्रता फेरीचा सामना झाला. आपले कर्णधार सुनील छेत्री यांचा निरोपाचा सामना म्हणून तो आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मी त्या दिवशी तिथे होतो. कोणी अनुभव विचारला की माझ्या तोंडून एकदा ‘सार्थक झाले’ असे निघते आणि दुसऱ्यांदा ‘त्यापेक्षा घरी टीव्हीवर पाहायला हवा होता’ असे निघते, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा मी खरेच बोलत असतो. आता गावातली मुले भारताचा पुढचा सामना दाखवायला न्या म्हणून मागे लागली आहेत, म्हणून हा प्रश्न इथे मांडतो आहे.

मृग तोंडावर आला होता, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जागा तयार करायची राहिली होती, आणि ‘धानाचे बियाणे आणायला निघालास की चेंडू पाहायला?’ या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तरी गोंदियाहून हावड्याची रात्रीची गाडी पकडली. हावड्याला हुगळीच्या पात्राखालून जाणाऱ्या मेट्रोत बसलो; ती सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. एस्प्लनेड ते सियालदह हा तुकडा जोडायचा बाकी असल्यामुळे तेवढे अंतर बसने काढले आणि सियालदहला पुन्हा मेट्रो धरली. ज्या स्टेशनाचे नावच ‘सॉल्ट लेक स्टेडियम’ आहे तिथे उतरताना मला उगीचच आपण कोणी मोठे पाहुणे आहोत असे वाटले.

माझी जागा गोलच्या मागे, अगदी वर होती. मैदान आणि प्रेक्षक यांच्या मधोमध तिथे धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे खेळाडू लांब पडतात. छेत्री यांचा अकरा नंबर नुसत्या डोळ्यांनी वाचता आला तो ते आमच्या बाजूच्या गोलवर चालून आले तेव्हाच. एरवी मोबाइलचा कॅमेरा ताणून पाहायचो, तर माणसाऐवजी निळा ठिपका दिसायचा. शेजारी एक वयस्क बंगाली गृहस्थ होते. त्यांनी कागदाच्या पुडीतली झालमुडी, म्हणजे तिकडची भेळ, माझ्यापुढे धरली. मोहरीच्या तेलाचा वास नाकात शिरला आणि वर खोचलेली खोबऱ्याची पातळ काप त्यांनी आग्रहाने मलाच घ्यायला लावली. १९९७ च्या फेडरेशन कपात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या क्लबांच्या उपांत्य सामन्याला आपण याच मैदानावर होतो, असे ते मोडक्या हिंदीत सांगत होते. त्या सामन्याची १,३१,७८१ ही प्रेक्षकसंख्या नोंदलेली आहे आणि भाईचुंग भूतिया यांनी त्यात तीन गोल केले होते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी बाकडी काढून खुर्च्या बसवल्या आणि मैदानात सुमारे सहासष्ट हजारच माणसे मावू लागली, याचे त्या गृहस्थांना अजून वाईट वाटत होते. मला मात्र आमच्या आठवडी बाजारापेक्षा मोठी गर्दी ठाऊक नसल्यामुळे तेवढ्यानेच धडकी भरली होती.

सामना ०-० सुटला. उत्तरार्धाच्या सुरुवातीला आपला रहीम अली एकटाच कुवेतच्या गोलरक्षकासमोर पोहोचला आणि सगळे उभे राहिले. समोरचा माणूस उभा राहिल्यामुळे तो फटका अडवला गेला हे मला दिसलेच नाही, आजूबाजूच्या सुस्काऱ्यावरून कळले. शिटी वाजल्यावर छेत्री यांनी मैदानाला फेरी मारली, सहकाऱ्यांनी दोन रांगांतून त्यांना मानवंदना दिली, ते रडले आणि मीही रडलो.

मन दुभंगले ते परतीच्या गाडीत. त्याच कुवेतला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपण त्यांच्या घरी १-० ने हरवले होते. घरच्या सामन्यातही जिंकलो असतो तर पात्रतेची तिसरी फेरी, जी भारताने कधी पाहिलेली नाही, हाताशी आली असती. पण आम्ही हजारो माणसे एका माणसाला निरोप देण्यात इतकी गुंतलो होतो की दोन गुण हातचे गेले याची स्टेडियमबाहेर पडेपर्यंत कोणाला हळहळही वाटली नाही. पाचच दिवसांनी दोहा येथे कतारने २-१ ने हरवले, आणि त्यांचा बरोबरीचा गोल रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून झाला, तेव्हा मला राग आला तो आधी माझ्या त्या अश्रूंचा. पुढे नऊ महिन्यांनी छेत्री परत संघात आले. मग आम्ही निरोप दिला तो कशाला?

माझा प्रश्न असा आहे, की इतका खर्च आणि खटाटोप करून प्रत्यक्ष मैदानात जाण्याने नेमके काय मिळते, आणि ज्यांनी अजून स्टेडियम पाहिलेले नाही अशा अकरा पोरांना मी न्यावे का?

---

राइट आउट (कामठी)

भाऊ, तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही जिला वाईट जागा म्हणता ती माझ्या मते मैदानातली सर्वांत चांगली जागा होती, एवढे आधी सांगतो. आम्ही कामठीत खेळत होतो तेव्हा आमचे वस्ताद नवीन पोराला पहिले पंधरा दिवस गोलच्या मागे उभे करून नुसते पाहायला लावत, कारण बचावफळी कुठे फाटते, कडेने खेळणारा विंगर रिकामा कधी सुटतो आणि चेंडू नसलेला माणूस काय करतो, हे तिथूनच दिसते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. चेंडू नसताना छेत्री काय करत, दोन पावले मागे येऊन बचावपटूला कसे ओढून नेत, हे तुम्हाला मैदानात पाहता आले असते. पण तुम्ही कॅमेरा ताणून त्यांचा चेहरा शोधत बसलात. रागावू नका, मीही पहिल्यांदा तेच केले असते.

दुसरी गोष्ट गर्दीची. २०१८ च्या जूनमध्ये मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध भारत ५-० ने जिंकला आणि छेत्री यांनी तीन गोल केले, तेव्हा मैदानात २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले, की शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानात या; आणि ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे संपली. संघ तोच होता आणि मैदानही तेच. म्हणजे आपल्याकडचा प्रेक्षक बोलावल्यावर येतो, लग्नाला यावे तसा, आणि जेवण झाले की जातो. सॉल्ट लेकला तुम्ही सगळे निरोपाच्या आमंत्रणावर गेला होता. त्यामुळे गुण हुकल्याचे दुःख झाले नाही यात तुमचा एकट्याचा दोष नाही, परंतु जे तुम्हाला खटकले ते खटकण्यासारखेच आहे.

छेत्री परत आले त्याचे मला वाईट वाटत नाही. २०२४ या सबंध वर्षात भारताने एकही सामना जिंकला नव्हता. १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीवला ३-० ने हरवले तो ४८९ दिवसांनंतरचा पहिला विजय होता, आणि त्यातही एक गोल या चाळिशीला टेकलेल्या माणसाचा, त्यांचा पंच्याण्णवावा. घरात कमावते दुसरे कोणी नसेल तर पेन्शनीत निघालेला बापही पुन्हा कामाला जातो. प्रश्न त्या बापाला विचारायचा की पोरांना, हे तुम्हीच ठरवा.

---

वखरवाला (दारव्हा तालुका)

मला जाता आले नाही. वखरणी उरकायची होती आणि सरकीची पाकिटे आणायला रांगेत उभे राहायचे होते. सामना मोबाइलवर पाहिला, तोही धुऱ्यावरच्या बाभळीखाली, कारण आमच्याकडे नेटवर्क फक्त तिथेच मिळते. रहीम अली गोलकडे निघाला आणि चित्र थांबले ते थांबलेच; पुन्हा सुरू झाले तेव्हा कुवेतचा गोलरक्षक चेंडू लाथाडत होता. तुम्हाला निदान सुस्कारा तरी ऐकू आला. घरी टीव्हीवर पाहायला हवा होता असे पुन्हा लिहू नका, एवढीच विनंती.

---

मूलची बाई (जि. चंद्रपूर)

मी आश्रमशाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग वर पुरेसा चघळला गेला आहे, म्हणून मुलांना नेण्याविषयीच लिहिते, कारण ते मी एकदा केले आहे.

२०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. त्याचा अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत होता आणि दिवाळीच्या सुट्ट्या चालू होत्या. घरच्यांची लेखी परवानगी घेऊन मी सहा मुलींना नेले. त्यांच्यापैकी चौघींनी त्याआधी रेल्वेचा प्रवास केलेला नव्हता. आपला संघ तोपर्यंत भुवनेश्वरला तीनही सामने हरून बाहेर पडला होता. अमेरिकेने आठ, मोरोक्कोने तीन आणि ब्राझीलने पाच गोल केले होते आणि आपला एकही झाला नव्हता. हे मुलींना माहीत होते. तरी आत शिरून दिव्यांच्या उजेडातले ते हिरवेगार मैदान पाहिल्यावर सर्वांत लहान मुलीने मला विचारले, ‘मॅडम, आपल्या कुठे बसल्या आहेत?’ तिला वाटले होते की हरलेल्या असल्या तरी यजमान म्हणून त्या निदान पाहायला आल्या असतील. मला काय सांगावे ते सुचले नाही.

तो सामना स्पेनने कोलंबियाविरुद्ध १-० ने जिंकला, आणि तो एकमेव गोल शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्याच एका मुलीच्या पायाला लागून झाला. परतीच्या वाटेवर आमच्या मुली विश्वविजेत्यांबद्दल फारसे बोलल्या नाहीत. त्या कोलंबियाच्या मुलीला तिच्या घरचे रागावतील का, यावर मात्र वर्ध्यापर्यंत चर्चा चालली. आज त्यांतल्या दोघी जिल्हा संघात खेळतात, आणि बचावपटू म्हणून खेळणारी मुलगी आपल्याच गोलसमोर चेंडू आला की आजही पाय आखडता न घेता बाहेर मारते. हे त्या रात्रीमुळे झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मला तसे वाटते.

आता कटू भाग. एका मैदानावर, नाव सांगत नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाची रांग इतकी लांब होती की मध्यंतर संपून पंधरा मिनिटे झाली तरी आम्ही रांगेतच होतो, आणि दारावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्यामुळे आत दुप्पट दराने पाणी घ्यावे लागले. सुटल्यावर गर्दीचा जो लोंढा फाटकाकडे वळतो त्यात मूल हातातून सुटायला एक क्षण पुरतो. म्हणून अकरा मुले एकट्याने नेऊ नका. तीन मुलांमागे एक मोठा माणूस धरा, सामना संपल्यावर अर्धा तास खुर्चीतच बसवून ठेवा, आणि परतीची गाडी त्याच रात्रीची काढू नका.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, आणि पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ होती. पुरुष संघ मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरला आणि २०२७ च्या चषकातून बाहेर झाला. मुलांना ‘भारताचा सामना’ दाखवायचा म्हणता तेव्हा कोणत्या भारताचा, याचाही विचार करा. तुमच्या गावात मुली खेळत नाहीत का?

---

बांधीतला गोलकीपर

सर्वांचे आभार. ताई, तुमच्या शेवटच्या ओळीने मला चांगलेच पकडले. खेळतात, चौघीजणी आहेत, पण ‘अकरा पोरे’ लिहिताना मी त्यांना मोजलेच नव्हते.

दारव्ह्याच्या भाऊंची माफी मागतो. ते वाक्य परत लिहिणार नाही.

काका, तुमची जागेबद्दलची गोष्ट डोक्यातून जात नाही. आमची मुले धान निघाल्यावर बांधीत खेळतात. धसकटे पायात रुततात म्हणून सगळ्यांची नजर खाली असते आणि त्यांना चेंडूच तेवढा दिसतो. चेंडू नसलेला माणूस पाहायला शिकायचे असेल तर त्यासाठी कोलकात्याला जायची गरज नाही, हे मला तुमचे पत्र वाचेपर्यंत सुचले नव्हते. त्यामुळे असे ठरवतो आहे, की मळणी आटोपली की सगळ्यांना, त्या चौघींसह, आधी कामठीला एखाद्या स्थानिक स्पर्धेचा सामना दाखवायला आणतो आणि गोलच्या मागेच उभे करतो. भारताच्या सामन्याला नंतर तिघांनाच नेईन. सोबत माझा चुलतभाऊ येईल. वडिलांना अजून सांगितलेले नाही.

तुमच्याकडच्या स्पर्धा साधारण कोणत्या महिन्यात असतात आणि पंधरा जणांची रात्रीची सोय कुठे होऊ शकेल, एवढे कळवाल का? चटया आणि पांघरुणे आम्ही आमचीच आणू.

---

राइट आउट (कामठी)

पांघरुणे आणा, कारण मळणीनंतर म्हणजे थंडीतच याल आणि कन्हान नदीचे वारे तुम्हाला सोसणार नाही. तारखा लागल्या की इथेच लिहितो. आमच्याकडे प्रेक्षक रेषेला चिकटून उभे राहतात आणि खेळाडूला नाव घेऊन, कधी बापाचेही नाव घेऊन, ओरडतात, तेव्हा पोरांच्या कानांची तयारी तेवढी करून आणा.