फॉस्फो-ईआरकेचा (फॉस्फेट लागलेल्या, म्हणजे चालू झालेल्या ईआरके प्रोटीनचा) बँड येतच नाहीये, कोणी सांगेल का?

हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या कॅन्सर पेशी) आहेत, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटीबॉडीने प्रोटीन शोधायची पद्धत) टोटल ईआरकेचे ४४ आणि ४२ केडीएचे (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) दोन्ही बँड मस्त दिसतात पण फॉस्फोची अँटीबॉडी लावली की ब्लॉट कोराच, तीनदा केलं, ब्लॉकिंग (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून) ५% दुधात करते.

– लायसिस बफरमध्ये (सेल्स फोडायच्या द्रावणात) फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला थांबवणारं रसायन) टाकलेस का? नसेल तर सेल्स फुटल्या फुटल्या फॉस्फेट निघून जातं, मग अँटीबॉडी बिचारी काय पकडणार. सगळं बर्फावरच कर.

– दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) वापरून बघ गं, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट असलेलं प्रोटीन) आहे. आणि रात्रभर सीरम काढून मग ५-१० मिनिटं ईजीएफ (ईआरके चालू करणारा वाढीचा घटक) दिलेलं एक सॅम्पल शेजारच्या लेनमध्ये हवंच, त्याशिवाय दोष अँटीबॉडीचा की सेल्सचा हे कळणारच नाही.

– इनहिबिटर टाकलाच नव्हता! उद्या नवीन लायसेट (फोडलेल्या सेल्सचं द्रावण) करते, थँक्यू दादा, ताई.