मदत हवी आहे: वॉशिंगवाल्याने टायरच्या नक्षीवरही पॉलिश मारलंय, घाटात जायच्या आधी कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून लिहितेय. जरा घाई आहे, कारण सोमवारपासून भाऊ परत कामावर जाणार आणि त्याची रोजची वाट यवतेश्वर घाटाची.

खंडेनवमीच्या पूजेसाठी मोटरसायकल वॉशिंगला दिली होती. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी असंच करतात. गाडी चकाचक होऊन आली, पण टायर हाताला बुळबुळीत लागतायत. नुसती बाजू नाही, टायर रस्त्याला टेकतो ती नक्षीसुद्धा चमकतेय. बोट फिरवलं की तेलकट काळा थर येतो आणि खोबण्यांच्या तळाशी पॉलिश साचलेलं दिसतं. खालून इंजिन-चेनला डिझेलचा फवाराही मारलाय, मागच्या टायरला अजून वास येतोय.

भाऊ म्हणतो, चार किलोमीटर चालवली की आपोआप निघून जाईल. मला ते पटत नाही. सरळ रस्त्यावर टायरचा मधला पट्टाच घासला जातो. वळणावर गाडी कलली की टेकते ती कडेची नक्षी, म्हणजे जिथलं पॉलिश अजून तसंच आहे ती. आणि यवतेश्वरची वळणं तुम्हाला माहीतच आहेत. पाऊस लांबलाय, कडेला शेवाळ आणि लाल चिखल, वर फुलांच्या हंगामात कासला जाणाऱ्या गाड्यांची रांग. तिथे समोरून गाडी आली तर भावाला ब्रेकही मारावा लागणार आणि गाडी कलवावीही लागणार.

गाडी दीडशे सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन्ही टायर ट्यूबलेस. मला विचारायचंय ते असं. हे काढायला नेमकं काय वापरायचं? शेजारचे काका पेट्रोलचं फडकं फिरवा म्हणतात, ते चालेल का? डिस्कवर उडालं असेल तर कसं ओळखायचं? आणि नुसत्या साबणाने धुतले की आमचे टायर तपकिरी दिसायला लागतात. म्हणजे रबर खराब झालंय का?

प्रतिसाद, सांगलीहून

ताई, तुमची शंका अगदी बरोबर आहे. धुतल्याशिवाय भावाला घाटात पाठवू नका. मी टायरच्या धंद्यात आहे. पॉलिश मारलेल्या टायरवरून घसरलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल, थिनर यातलं काहीही रबराला लावायचं नाही. रबर ते शोषून घेतं, फुगतं, मऊ पडतं. डिझेलचा वास येतोय तो टायर तर आधी धुवा. बादलीत कोमट पाणी, त्यात गाडीचा शाम्पू किंवा भांड्यांचा लिक्विड साबण, आणि कपड्यांचा प्लॅस्टिकचा ब्रश. तारेचा ब्रश नको. खोबण्यांत जुना टूथब्रश घाला. फेस तपकिरी-काळा निघतो. घासा, धुवा, पुन्हा घासा, फेस पांढरा राहीपर्यंत. ही पॉलिशं बहुतेक सिलिकॉनची असतात, नुसत्या पाण्याने हलत नाहीत. वाळल्यावर कोरडा पांढरा कपडा नक्षीवर दाबून फिरवा. त्याला चिकट, चकचकीत काही लागलं नाही की झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, चावी काढलेली, न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचं. मागचं चाक आपोआप फिरावं म्हणून गाडी चालू करून गिअरमध्ये टाकतात आणि फडकं धरतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटंही. कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी हे करू देऊ नका.

तपकिरी रंगाची काळजी करू नका. हवेतल्या ओझोनने रबराला भेगा पडतात, त्या पडू नयेत म्हणून टायर बनवतानाच त्यात एक रसायन मिसळलेलं असतं. ते हळूहळू वर येतं आणि ओझोनशी संयोग होऊन तपकिरी पडतं. म्हणजे टायर आपलं काम करतोय. टायर चालता असला की हे रसायन नीट वर येत राहतं. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर आधी तडकतात, त्याचं हे एक कारण.

प्रतिसाद, कराडहून

डिस्कचं मी सांगतो. पांढऱ्या कापडावर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसा. इंजिन गार असू द्या आणि हे काम उघड्यावर करा, जवळ उदबत्ती-निरांजन नको. कापडाला तेलकट डाग आला तर पॉलिश उडालेलं आहे असं धरा. नंतर गल्लीत अगदी हळू चालवून पुढचा ब्रेक दाबून बघा. ब्रेक नेहमीपेक्षा कमी लागला किंवा किरकिरला तर पॅडमध्ये तेल मुरलंय. असे पॅड घासून-पुसून पूर्वीसारखे होतील याचा भरवसा नाही, सरळ बदला.

डिझेलने चेनचं वंगणही गेलं असेल. नवं लावताना चेन आणि टायरच्या मध्ये पुठ्ठा धरा, थोडा वेळ मुरू द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. नाहीतर पहिल्याच फेरीत ते मागच्या टायरच्या कडेवर उडेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी भावाला शेजारी बसवून दोन्ही चाकं धुतली. पुढच्या टायरच्या खोबण्यांतून ब्रश फिरवला तेव्हा चहाच्या रंगाचा फेस आला, आणि पाणी ओतल्यावर फरशीवर तेलाची इंद्रधनुषी तवंग दिसली. ते बघून भावाचं "आपोआप निघेल" बंद झालं. डिस्क पुसली, कापडाला तेलकट डाग आला नाही. ब्रेक नेहमीसारखा लागतोय.

एक शेवटचं. दिवाळीत आईला गाडी परत चमकवून हवी आहे. फक्त बाजूला थोडं पॉलिश चालेल का? आणि टायरवर ३४२२ आकडा आहे, तो वर्षाचाच ना?

प्रतिसाद, सांगलीहून

हो, २०२२ सालचा ३४वा आठवडा. नक्षीच्या खोबणीत मधेमधे छोटे उंचवटे दिसतात, तिथपर्यंत झीज आली की टायर बदलायचा. नियमाने दुचाकीला कमीत कमी ०.८ मिलिमीटर नक्षी लागते, पण घाट आणि पाऊस असेल तर तिथपर्यंत थांबू नका. बाजूला बारीक भेगा दिसतात का, तेही बघा. पॉलिशखाली नेमक्या त्याच झाकल्या जातात.

पॉलिशबद्दल विचाराल तर माझं मत, दुचाकीला नकोच. बाजू जेमतेम तीन-चार बोटं, लगेच नक्षी सुरू होते आणि चाक फिरलं की पातळ पॉलिश तिकडेच सरकतं. आईंचा आग्रहच असेल तर पाण्याचा बेस असलेलं घ्या, स्पंजवर घेऊन फक्त रिमलगतच्या अक्षरांपर्यंत लावा आणि वाळल्यावर कोरड्या कपड्याने पुसून काढा. थेट स्प्रे मारू नका, डिस्कवर उडतो. त्यापेक्षा रिम, टाकी, मडगार्ड चमकवा. आणि पुढच्या वेळी वॉशिंगला देताना आधीच सांगा, "टायरला पॉलिश नको, डिझेल नको, नुसतं पाणी आणि शाम्पू."

सोमवारी पहिले काही किलोमीटर भावाला गाडी जास्त कलवू नको, अंतर ठेवून चालव म्हणून सांगा. पोवई नाक्याकडच्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक एकदा तपासून मगच घाटाला लागू दे.