विषय: परळीचा भाऊ, खासगी केंद्र आणि कायदा

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला कानात आवाज येतात, रात्र रात्र झोप नाही. गेल्या महिन्यात आईवर हात उगारला, तेव्हा चुलत्यांनी त्याला एका खासगी केंद्रात नेऊन ठेवलं. व्हिडिओ कॉलवर दिसला तर डोक्याचा पार गोटा केलेला, बोलताना सारखा दाराकडं बघत होता. केंद्रवाले म्हणतात, तीन महिने कुणी भेटायचं नाही, पैसे तेवढे पाठवा. इथं कॅलिफोर्नियात २०२२ च्या केअर कायद्यानं सख्ख्या भावालाही कोर्टात अर्ज करता येतो, अडीअडचणीला ९८८ ही मानसिक संकटातली फोन हेल्पलाइन आहे. गावाकडं काय करावं?

— परळीकर, सॅन होजे

---

भाऊ,

पैसे पाठवू नका, आधी पोराला बाहेर काढा. मी मानसोपचार वॉर्डात परिचारिका होते, असे गोटे केलेले बरेच पाहिलेत.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. जबरदस्तीनं डोकं भादरणं आणि साखळीनं बांधणं त्यात बंद आहे. माणसं भेटू देणं हा रुग्णाचा हक्क आहे. इच्छेविरुद्ध ठेवायचं तर रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. तेही ३० दिवसांपुरतं. पुढं ठेवायला कायद्यानं नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी हवी. तीन महिने कोणत्या हिशोबानं सांगतात? ‘आम्ही व्यसनमुक्तीवाले’ म्हणाले तरी ऐकू नका, दारू आणि नशेमुळं होणारे मानसिक विकारही याच कायद्यात येतात.

चुलत्यांना म्हणावं, नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. त्या पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन केंद्रात दर्शनी जागी लावलेला असला पाहिजे. विनानोंदणी केंद्राला पहिल्या खेपेला ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे. मला विचाराल तर फारच कमी.

चुलत्यांवर मात्र रागावू नका. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. मध्यरात्री पोरगं आवरेना झालं की लोक जवळचं दार ठोठावतात, आणि असल्या केंद्रांचं त्यावरच भागतं. खरं तर अशा वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो, तज्ज्ञाकडं नेण्याची सोयही त्यातच येते. फोनवर बोलायला सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.

तुम्हाला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल जवळ आहे. तिथंच न्या.

— काकू, अंबाजोगाई (सध्या लेकीकडं, ऑस्टिन)

---

काकू,

चुलते आणि आई उद्या जीप करून निघतायत. प्रमाणपत्राचं विचारलं तर ‘साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणून फोन ठेवला. सोडलंच नाही तर?

---

तर पोलीस ठाण्यात लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. आजारी माणसाचा छळ होतोय असं दिसलं की मॅजिस्ट्रेटला कळवणं ठाणेदाराला बंधनकारक आहे. तुम्ही इथून त्या कॉलचा स्क्रीनशॉट चुलत्यांना पाठवून ठेवा.

दवाखान्यात सकाळी लवकर पोचा. केसपेपरच्या रांगेत चुलत्यांनी उभं राहावं, पोराला आईजवळ बाहेर सावलीत बसू द्या. आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्या, डॉक्टर तेच आधी मागतात. पोरगं थोडं सावरलं की त्याचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं नाव प्रतिनिधी म्हणून साध्या कागदावर लिहून घ्या. सही नाही तर अंगठाही चालतो.