बॅलेत मधोमध बाई, पण तिची गोष्ट रचणारे सगळे बाप्येच का?

रातराणी७
काल रात्री जिझेल हा बॅले दुसऱ्यांदा बघितला, लॅपटॉपवर, लेक शेजारी झोपलेली म्हणून हेडफोन लावून, आणि पहिल्या वेळी न खटकलेलं या वेळी जाम खटकलं. गोष्ट माहीत नसेल त्यांच्यासाठी: खेड्यातली पोरगी वेश बदलून आलेल्या सरदाराच्या प्रेमात पडते, त्याचं लग्न आधीच ठरलेलं, ते कळल्यावर हिला वेड लागतं आणि जाते. दुसऱ्या अंकात लग्नाआधी मेलेल्या पोरींची भुतं येतात, त्यांना विली म्हणतात, तावडीत सापडलेल्या पुरुषाला जीव जाईपर्यंत नाचवतात. आणि ही बया मेल्यावरसुद्धा त्याच सरदाराला पहाटेपर्यंत वाचवत बसते! १८४१ चा आहे, ठीक आहे. मग १८३२ चा ला सिल्फीद घ्या, तीही मरते, पंख गळून. १८७७ च्या ला बायादेरमध्ये तर आपल्याकडची देवळातली नर्तकी, प्रियकराच्याच साखरपुड्यात नाचायचं आणि फुलांच्या परडीतून साप. पोस्टरवर बाई, टाळ्या बाईला, पण तिने कधी कसं मरायचं हे बाप्यांनी ठरवायचं. याला मान म्हणत नाहीत, मखरात बसवणं म्हणतात.

नाटकवेडा
ताई, एक सांगा, तुमच्या ला सिल्फीदची पहिली नायिका ताल्योनी, तिच्याबरोबर कोण नाचायचा? गूगल न करता हं. नाही सांगता येणार, कारण त्या काळात पॅरिसमध्ये लोक बाईलाच बघायला यायचे, पुरुष म्हणजे तिला उचलणारा हमाल. १८७० च्या कॉपेलियात तर नायकाचं कामसुद्धा बाईनेच केलं, आपल्याकडे पुढे बालगंधर्व नायिका झाले तसं तिकडे उलटं. आणि विलींची राणी मिर्था विसरलात का? अख्खं स्टेज तिच्या ताब्यात असतं. ती कुठल्या कोनातून दुबळी वाटली तुम्हाला?

रातराणी७
ताल्योनीचं नाव राहिलं, मान्य. पण ला सिल्फीद तिच्या बापानेच बसवलेला, तिच्यासाठी. आणि कॉपेलियातला नायक बाई का, तर पुरुषी वेशात बाईचे पाय दिसतात आणि समोर बसलेल्यांना तेच बघायचं होतं. पॅरिस ऑपेरात श्रीमंत वर्गणीदार पुरुषांना नर्तकींच्या मागच्या दालनात सरळ जाता यायचं हो. देगा या फ्रेंच चित्रकाराची चित्रं बघा, पोरी सराव करतायत आणि कडेला काळा कोट घातलेला कोणीतरी उभा. देगानेच १८८१ मध्ये मांडलेला तो मेणाचा पुतळा, त्याचं नावच 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी'. त्यासाठी उभी राहिली ती मारी व्हान गोतेम, धोबिणीची पोर. मिर्थाचं म्हणाल तर बाईला ताकद द्यायची तर आधी भूत करायचं, हे काय लॉजिक!

दोन_पोरींची_आई
तुम्ही इतिहास सांगताय, मी आमच्या घरातलं सांगते. मोठी चार वर्षं बॅले शिकतेय. पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे बूट, त्यांच्या टोकात लाकूड असतं असं मलाही वाटायचं, नसतं, कापड, कागद आणि गोंदाचे थर असतात. नवा जोड आणला की जिन्याच्या पायरीवर आपटायचा, तळवा वाकवायचा, टोकाला टाके घालायचे, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात खलबत्ता कुटताय का. आणि रंग? गुलाबी. कोणाच्या कातडीचा आहे तो? आम्ही स्पंजाने फाउंडेशन फासतो वरून. लंडनमध्ये २०१८ साली कुठे बॅले ब्लॅक या कंपनीसाठी तपकिरी शूज निघाले. पण खरा राग दुसराच. आधीच्या क्लासात अकरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर 'भात बंद कर' सांगितलं, आणि सांगणारी बाईच होती. त्यामुळे बाप्ये बाप्ये करून काय उपयोग.

जरा_थांबा
तेच म्हणतोय. ताईंनी तीन जुने बॅले घेतले आणि निकाल लावून मोकळ्या. ब्रोनिस्लावा निजिन्स्काचं काय? तिच्या भावाचं, प्रसिद्ध नर्तक निजिन्स्कीचं नाव सगळे घेतात, हिचं कोणी नाही. १९२३ मध्ये स्त्राविन्स्कीच्या संगीतावर तिने ले नॉस बसवला, रशियन खेड्यातलं लग्न, पण लग्नात आनंद कुठेच नाही, नवरीच्या लांबलचक वेण्या धरून पोरी उभ्या. एका क्षणी सगळ्या एकीवर एक डोकी ठेवतात, उतरंडीसारखी, आणि सगळ्यात वर नवरीचं डोकं. ब्रिटनचा रॉयल बॅले उभा केला तोही निनेट डी व्हॅलॉय या बाईनेच. इंग्लिश नॅशनल बॅलेची तेव्हाची प्रमुख तमारा रोहो हिने २०१६ मध्ये लंडनला फक्त बायकांनी रचलेल्या तीन बॅलेंचा कार्यक्रम केला. बॅले बायकांचा नाही असं म्हणून तुम्हीच या बायकांना पुसताय.

रातराणी७
निजिन्स्का राहिली, चूक माझी. उतरंडीचं वाचून काटा आला अंगावर, आज बघते. पण २०१६ साली तीन बायकांचे बॅले एकत्र केले ही *बातमी* होते, इथेच माझा मुद्दा आला ना? तीन पुरुषांचे असते तर नेहमीची संध्याकाळ.

फडावरचा
लांब कशाला जाता, लावणीत तरी काय? 'मी' म्हणणारी बाई, लिहिणारा राम जोशी नाहीतर होनाजी बाळा. फरक एवढाच की आमची बाई ओळ घेते आणि अदाकारीत तिचा अर्थच फिरवते, समोरच्या पाटलाची टोपी उडवते, फडाची मालकीणही बऱ्याचदा तीच. बॅलेवाली समोर बघतच नाही हो, कुठेतरी लांब चंद्राकडे बघत असते.

नाटकवेडा
अहो तेच तर सौंदर्य आहे! सगळ्यांनी डोळाच मारला पाहिजे का. बत्तीस गिरक्या एका पायावर घेऊन दाखवा आणि मग बोला, स्वान लेकमध्ये लेन्यानी या इटालियन नर्तकीने घेतल्या होत्या १८९५ ला. ती ताकद कोणी लिहून दिलेली नसते, ती तिच्या पोटरीत असते.

दोन_पोरींची_आई
पोटरीचं पटलं. रोज रात्री तेल लावून देते मी.

नाटकवेडा
बरं रातराणीताई, एवढं सगळं बोललात, मग लेकीला घालणार की नाही बॅलेला?

रातराणी७
घालणार. शनिवारी डेमो क्लास आहे. भाताचं आधी विचारून घेते.